प्रोफाइल कोणी तयार केलं?

लग्न जुळवणाऱ्या संकेतस्थळांवर नाव नोंदवायला गेलं की अगदी सुरुवातीलाच एक रकाना येतो: हे प्रोफाइल कोण तयार करतंय? स्वतः, आई-वडील, भाऊ-बहीण, नातेवाईक, मित्र. आपण घाईत कशावर तरी टिचकी मारतो आणि पुढे सरकतो. ऑनलाइन जुळलेल्या जोड्यांची आपल्याकडची कथा मला मात्र या एका रकान्यात दडलेली वाटते.

माझ्या मावसबहिणीचंच बघा. ती आणि तिचा नवरा डेटिंग ॲपवर भेटले. काही महिने नुसत्या गप्पा, मग पुण्यातल्या एका कॅफेत भेट, मग आणखी वर्षभराने घरी सांगणं. खरा प्रकार घरातल्या चौघा-पाचजणांनाच ठाऊक. साखरपुड्यात मावशीच्या नणंदेने विचारलं, "स्थळ कुणी सुचवलं गं?" मावशी म्हणाली, "अहो वन्सं, एक कॉमन फ्रेंड होता ना त्यांचा." महाराष्ट्रातल्या लग्नांमध्ये गेल्या काही वर्षांत या 'कॉमन फ्रेंड'ने जितकी लग्नं जमवली असतील, तितकी कोणत्याही मंडळाने जमवली नसतील.

अनोळखी माणसाला छापील मजकुरातून गाठण्याची कल्पना तशी फार जुनी. १६९५ साली लंडनच्या एका नियतकालिकात जॉन हॉटन या संपादकाने एक जाहिरात छापली. तिशीच्या आसपासचा, चांगली इस्टेट असलेला गृहस्थ लग्न करू इच्छितो; मुलगी कुलीन हवी आणि तिच्या नावावर साधारण ३,००० पौंड असावेत. आपल्या बायोडेटातल्या 'अपेक्षा' या ओळीचा हा खापरपणजोबा. फरक एवढाच की ही अपेक्षा त्या गृहस्थाची स्वतःची होती. त्याच्या मामाने किंवा थोरल्या भावाने त्याच्या वतीने मांडलेली नव्हती.

या कामात संगणक शिरला तो इंटरनेटच्या कितीतरी आधी. १९६४ मध्ये लंडनमध्ये जोन बॉल या बाईंनी संगणकावर जोड्या लावण्याचा धंदा सुरू केला. गिऱ्हाइकांना काय नको आहे, यावर त्यांचा विशेष भर असे. पुढच्या वर्षी अमेरिकेत हार्वर्डच्या काही विद्यार्थ्यांनी 'ऑपरेशन मॅच' काढलं. प्रश्नावली भरा, ३ डॉलर पाठवा, भाड्याने घेतलेला आयबीएमचा संगणक तुमच्याशी जुळणारी नावं काढून देईल आणि ती यादी टपालाने घरी येईल. यंत्राला प्रेमातलं काही कळत नव्हतं. मात्र फॉर्म मुलं-मुली स्वतः भरत होती, आणि नावांची यादी आई-वडिलांच्या हाती न पडता थेट त्यांच्या हाती पडत होती.

आपल्याकडे मात्र मध्यस्थ होताच. नात्यातली कुणी आत्या, गावचे गुरुजी, ज्ञातीचं वधूवर सूचक मंडळ, रविवारच्या पेपरातली छोट्या टायपातली पानं. बायोडेटा आजही बहुतेक त्याच साच्यात निघतो: वर गणपती, मग जन्मवेळ, रास, नाडी, गण, उंची, रक्तगट, कुलदैवत, मामांचं नाव आणि गाव. मराठा घरांत 'नातेसंबंध' म्हणून पाच-सहा आडनावांची रांग असते, तीवरून समोरचा काय तो अंदाज घेतो. सगळा कागद वाचून झाला तरी माणूस कसा आहे ते कळत नाही, तो कुणाचा आहे ते चोख कळतं. 'एससी, एसटी क्षमस्व' ही ओळही याच पानांवरची. नकार देतानाचं हे सौजन्य पाहिलं की मला जोन बॉलबाईंची आठवण होते. काय नको ते सांगायला आपल्याला लंडनच्या संगणकाची कधीच गरज पडली नाही.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्याच वर्षी अमेरिकेत गॅरी क्रेमेन यांचं मॅच डॉट कॉम हे डेटिंगचं संकेतस्थळ सुरू झालं. क्रेमेन यांच्याबद्दल एक किस्सा नेहमी सांगितला जातो: त्यांच्या मैत्रिणीने त्यांना सोडलं, ते याच संकेतस्थळावर भेटलेल्या दुसऱ्या माणसासाठी. आपला माल चालतो याचा इतका कडू पुरावा क्वचितच कुणाला मिळाला असेल.

भारतीयांनी त्याच तंत्राचं काय केलं ते बघण्यासारखं आहे. मुरुगवेल जानकीरामन हे अमेरिकेत नोकरी करणारे तमिळ इंजिनिअर. १९९७ मध्ये त्यांनी तमिळ मंडळींसाठी एक संकेतस्थळ काढलं. त्यावर पंचांग होतं, इतर सोयी होत्या आणि एका कोपऱ्यात लग्नाच्या जाहिराती. लोकांनी बाकी सगळं बाजूला सारलं आणि त्या कोपऱ्यावर गर्दी केली. त्यातून भारत मॅट्रिमनी उभं राहिलं; भाषा आणि जातीनुसार त्याच्या शाखा फुटल्या, त्यांतली एक मराठीही. खुद्द जानकीरामन यांचं लग्नही याच संकेतस्थळावरून जमलं. क्रेमेन यांच्या वाट्याला आलं त्याच्या अगदी उलट. मुंबईत अनुपम मित्तल यांनी याच सुमारास सगाई डॉट कॉम काढलं, त्याचं पुढे शादी डॉट कॉम झालं. पेपरातलं पान पडद्यावर आलं, नाडी-गोत्र-पोटजातीचे रकाने आता चाळणीसारखे वापरता येऊ लागले. पूर्वी आत्याबाईंना शंभर स्थळं डोक्यात ठेवावी लागत, आता त्यांचा भाचा सायबर कॅफेत बसून तासाभरात हजार चाळू लागला. मध्यस्थ गेला नाही, त्याला कीबोर्ड मिळाला.

त्याच कॅफेत, प्लायवूडच्या पलीकडच्या खणात, दुसरंच काही चाललेलं असे. याहूच्या चॅटरूममध्ये 'वय, लिंग, गाव' विचारून बोलणं सुरू व्हायचं. २००४ मध्ये ऑर्कुट हे समाजमाध्यम आलं आणि भारतात भलतंच गाजलं. इथे कुणी लग्नाचं नाव काढत नव्हतं आणि 'डेटिंग' हा शब्दही उच्चारत नव्हतं. स्क्रॅप, म्हणजे सगळ्यांना दिसणारा निरोप, टाकायचा, तो मुलीच्या भावाने वाचू नये अशी प्रार्थना करायची, आणि पानभर टेस्टिमोनियल लिहून मनातलं दुसऱ्याच भाषेत सांगायचं. पण प्रोफाइल स्वतःचं स्वतः भरलेलं होतं. आवडती गाणी कोणती, सुट्टीत काय करतोस, असले प्रश्न आपल्याकडच्या कुठल्याही स्थळाच्या कागदावर तोवर नव्हते. आज चाळिशीत असलेली काही जोडपी या खणांतून निघाली. त्यांचाही 'कॉमन फ्रेंड' असतोच.

ज्यांच्यासाठी आत्याबाई स्थळ आणणारच नव्हत्या, त्यांना इंटरनेटची गरज सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त होती. २००९ साली अमेरिकेत जोएल सिमखाई यांनी समलिंगी पुरुषांसाठी ग्राइंडर हे ॲप आणलं. फोन तुमचं ठिकाण ओळखतो आणि जवळपास कोण आहे ते दाखवतो, ही युक्ती डेटिंगमध्ये त्यांनी रुजवली. २०१२ मध्ये आलेल्या टिंडरने तिला बोटाने डावी-उजवीकडे सरकवण्याची जोड दिली. भारतात समलिंगी संबंध, २००९ ते २०१३ ही मधली वर्षं सोडली तर, ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत कायद्याने गुन्हाच होते. तरीही मे २०१५ मध्ये मुंबईच्या मिड-डेत एक जाहिरात छापून आली. कार्यकर्ते हरीश अय्यर यांच्या आईने आपल्या मुलासाठी वर हवा म्हणून ती दिली होती. मुलगा प्राणिप्रेमी आणि शाकाहारी हवा, जातीची अट नाही, मात्र अय्यर असल्यास प्राधान्य. शेवटच्या ओळीवरून त्या वेळी बराच वाद झाला. मला त्या जाहिरातीत वेगळीच गोष्ट दिसते: इतकं पुढचं पाऊल टाकतानाही फॉर्म आईनेच भरला होता.

२०१६ हे वर्ष तर या बाबतीत गमतीचं. टिंडरने भारतासाठी केलेल्या जाहिरातीत मुलगी नटूनथटून डेटला निघते आणि तिची आई त्याला पसंती देते. जगभर आई-बापांना बाजूला ठेवून चालणारं ॲप इथे आईचा आशीर्वाद घेऊन आलं. त्याची यथेच्छ टिंगलही झाली. जूनमध्ये केंद्र सरकारने लग्नाच्या संकेतस्थळांसाठी सूचना काढल्या: वापरणाऱ्यांची ओळखपत्रं घ्या आणि हे संकेतस्थळ केवळ विवाहासाठी आहे, डेटिंगसाठी नाही, असं स्पष्ट लिहा. एकीकडे डेटिंगवाले लग्नघराचा आव आणत होते, दुसरीकडे लग्नवाल्यांना डेटिंगशी संबंध नाही अशी पाटी लावावी लागत होती. सप्टेंबरमध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि तालुक्याच्या गावातही पाटीच्या दोन्ही बाजू एकाच फोनमध्ये नांदू लागल्या.

अमेरिकेत मध्यस्थाचं काय झालं याचा हिशेब स्टॅनफर्डचे समाजशास्त्रज्ञ मायकल रोझेनफेल्ड यांनी २०१९ मध्ये मांडला. १९९५ मध्ये एकत्र आलेल्या स्त्री-पुरुष जोड्यांपैकी जेमतेम २ टक्के ऑनलाइन भेटल्या होत्या, २०१७ मध्ये ३९ टक्के. मित्रांच्या ओळखीतून जुळणाऱ्यांचं प्रमाण त्याच काळात ३३ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आलं. म्हणजे तिथे कॉमन फ्रेंड खरोखरच नाहीसा होत चाललाय. इथे तो नसताना निर्माण करावा लागतो.

का करावा लागतो, हे सांगायला लांब जायला नको. २०२२ च्या अखेरीस वसईच्या एका तरुणीच्या दिल्लीतल्या हत्येचा उलगडा झाला. तिची आणि आरोपीची ओळख डेटिंग ॲपवर झाली होती, हा तपशील घराघरांत पोचला आणि कित्येक मुलींचे फोन तपासले गेले. डिसेंबरमध्ये राज्य सरकारने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांवर लक्ष ठेवण्यासाठी समितीच नेमली. टीका झाल्यावर 'आंतरजातीय' शब्द वगळला, 'आंतरधर्मीय' राहिला. प्रोफाइल कोण तयार करतंय, या रकान्यात सरकारलाही एक पर्याय हवा होता म्हणायचा.

मावसबहिणीच्या सासरी सगळं ठरल्यावर, हॉल बुक झाल्यावर, कुणीतरी म्हणालं, आमच्याकडच्या मोठ्यांना दाखवायला मुलीचा बायोडेटा पाठवा. मावशीने भाच्याकडून, म्हणजे माझ्याकडून, गणपतीवाली पीडीएफ करून घेतली. नाडी, गण, कुलदैवत, मामा, सगळं भरलं. खाली 'अपेक्षा' ही ओळ आली तेव्हा मी विचारलं, मावशी, इथे काय लिहू? तिने होणाऱ्या जावयाचा फोटो मोबाइलवर काढला, निरखून बघितला आणि सांगितलं, "लिही. इंजिनिअर, पुण्यात नोकरी, उंची पाच फूट नऊच्या आसपास, चष्मा चालेल."