टॅरँटुला (एसपी-१२४)

पहिल्या महायुद्धातील अमेरिकी नौदलाची गस्तीनौका. ‘एसपी’ म्हणजे ‘सेक्शन पेट्रोल’, अर्थात किनारी विभागांची गस्त. मूळची खासगी मोटार यॉट. मॅसॅच्युसेट्स राज्यातील नेपॉन्सेट येथे जॉर्ज लॉली अँड सन यांच्या गोदीत ती १९१२ मध्ये बांधली गेली. आराखडा स्वेझी, रेमंड अँड पेज या संस्थेचा होता. मालक विल्यम किसम व्हँडरबिल्ट (दुसरे) हे न्यूयॉर्कच्या गडगंज रेल्वे घराण्यातले. मोटारशर्यतींचा व्हँडरबिल्ट चषक १९०४ मध्ये सुरू करणारे हेच. वेगाचे वेड त्यांनी पाण्यावरही पुरवून घेतले. त्यांची याच नावाची आधीची टर्बाइन यॉट १९१४ मध्ये माँट्रियलच्या जे. के. एल. रॉस यांनी विकत घेतली आणि ती ‘ट्यूना’ या नावाने कॅनडाच्या नौदलात टॉर्पेडो नौका म्हणून दाखल झाली. थोडक्यात, व्हँडरबिल्टांच्या दोन्ही ‘टॅरँटुला’ युद्धाच्या कामी आल्या.

अमेरिका ६ एप्रिल १९१७ रोजी युद्धात उतरली, तेव्हा लांबलचक पूर्व किनाऱ्याला पुरतील इतक्या लहान नौका तिच्या नौदलाकडे नव्हत्या. धोका तर दारात येऊन गेला होता. अमेरिका तटस्थ असताना, ७ ऑक्टोबर १९१६ रोजी, यू-५३ ही जर्मन पाणबुडी न्यूपोर्ट बंदरात राजरोस भेट देऊन गेली आणि दुसऱ्याच दिवशी तिने नँटकेटजवळ पाच जहाजे बुडवली. त्याआधी ऑगस्टमध्येच झालेल्या कायद्याने यॉट व मोटारबोटींच्या मालक-चालकांना राखीव नौदलात घेण्याची सोय केली होती. सहायक नौदल सचिव फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा या योजनेला पाठिंबा होता. ते स्वतः शिडाच्या नौकांचे शौकीन.

नौदल जिल्ह्यांचे अधिकारी खासगी नौका तपासून त्यांना एसपी क्रमांक देत. क्रमांक मिळाला म्हणजे नौका सेवेत गेलीच असे नाही. घेतलेल्या नौकांपैकी काही विकत, काही भाड्याने, तर काही केवळ नाममात्र मोबदल्यावर आल्या. बहुतेकींची जुनी नावे तशीच राहिली. त्यामुळे नौदलाच्या यादीत ‘गेट देअर’ आणि ‘परहॅप्स’ अशीही नावे झळकली. डेकवर एक किंवा तीन पाउंडी (म्हणजे साधारण तेवढ्या वजनाचा गोळा फेकणारी) तोफ आणि एखाददुसरी मशीनगन बसवली, की नौका गस्तीला सज्ज. एक पाउंडी तोफेचा व्यास ३७ मिमी.; १९१८ मध्ये अमेरिकी किनाऱ्यावर आलेल्या यू-१५१ पाणबुडीवरच्या मोठ्या तोफा १५ सेंमी. व्यासाच्या होत्या. समोरासमोर गाठ पडली असती तर निकाल सांगायला नकोच. या नौकांचा खरा उपयोग बंदराच्या तोंडाशी पहारा देणे, येणारी-जाणारी जहाजे हटकणे, पाणबुडीरोधक जाळ्यांवर नजर ठेवणे आणि निरोप पोचवणे, असल्या कंटाळवाण्या कामांत होता. मोठ्या विनाशिका त्यामुळे त्या कामांतून मोकळ्या राहिल्या, हे मात्र थोडे नव्हे.

नौदलाने टॅरँटुला एप्रिल १९१७ मध्ये ताब्यात घेतली. सुरुवातीला तिचे नेतृत्व खुद्द व्हँडरबिल्ट यांच्याकडेच होते. न्यूयॉर्क हे केंद्र असलेल्या तिसऱ्या नौदल जिल्ह्यात ती गस्त घालत असे. याच टापूत, लाँग आयलंडजवळच्या फायर आयलंडसमोर, १९ जुलै १९१८ रोजी ‘सॅन डिएगो’ ही चिलखती क्रूझर बुडाली. पाणबुडीने पेरलेला सुरुंग हे त्याचे कारण मानतात. टॅरँटुलाला मात्र ना सुरुंग लागला, ना टॉर्पेडो. २८ ऑक्टोबर १९१८ रोजी फायर आयलंडच्या दीपनौकेपासून काही मैलांवर ‘फ्रिसिया’ या डच प्रवासी जहाजाशी तिची टक्कर झाली आणि ती बुडाली. युद्धविराम अवघ्या दोन आठवड्यांवर आला होता.

तिच्या आराखड्याशी जोडलेले ए. लोरिंग स्वेझी यांचे नाव पुढे अधिक मोठ्या कामासाठी घेतले जाते. पोलादी जहाजांच्या गोद्या आधीच कामात बुडालेल्या असल्याने नौदलाला लाकडी पाणबुडीमार नौका हव्या होत्या. स्वेझी यांनी आखलेली एससी-१ वर्गाची नौका ११० फूट लांब, प्रत्येकी २२० अश्वशक्तीच्या तीन पेट्रोल इंजिनांवर चालणारी होती. यॉट बांधणाऱ्या छोट्या गोद्यांनाही झेपेल अशा या ४४१ नौका तयार झाल्या आणि त्यांतल्या १०० फ्रान्सला मिळाल्या.