घरी बांधलेल्या रिमोटच्या विमानाची नोंदणी: अर्ज कुठे अडतो आणि का

बाल्सा लाकडाची पहिली पट्टी कापण्याआधी विमानाचं वजन ठरवा. इंदूरमधली जी मुलं आणि जी हौशी मंडळी कागद घेऊन विचारायला येतात, त्यांच्या बहुतेक अडचणी वजनापाशीच सुरू झालेल्या असतात. विमान बांधून झालेलं असतं, सुंदर झालेलं असतं, आणि मग कळतं की ते २ किलो ३०० ग्रॅम भरतंय. त्या ३०० ग्रॅममुळे सगळी प्रक्रिया बदलते.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘ड्रोन नियम, २०२१’ हे नाव वाचून अनेकांना वाटतं की हे चार पंख्यांच्या यंत्रापुरते आहेत आणि आपलं पंखांचं, शेपटीचं साधं विमान त्यात येत नाही. येतं. २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेले हे नियम सगळ्या मानवरहित विमानांना लागू आहेत. त्यात विमान, रोटरक्राफ्ट (फिरत्या पंख्यांवर उडणारं) आणि हायब्रिड (दोन्हींचं मिश्रण) असे तीन प्रकार वेगळे धरले आहेत. सनबोर्डचं असो, बाल्साचं असो, ते नियमांच्या आतच आहे.

ज्यांना स्वतः आत बसून उडायचं आहे, त्यांचा रस्ता पूर्ण वेगळा आहे. तिथे ‘विमान नियम, १९३७’ लागतात, व्हीटी अक्षरांनी सुरू होणारी नोंदणी लागते, उड्डाणयोग्यतेचा कागद किंवा परमिट टू फ्लाय लागतं आणि वैमानिकाचा परवाना लागतो. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. ते २०१६ साली मुंबईत ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात देशाने पाहिलं, नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये मिळाली आणि परमिट टू फ्लाय ऑक्टोबर २०१९ मध्ये. वैमानिक असलेल्या, नियम जाणणाऱ्या माणसाला प्रदर्शनानंतरही इतका काळ लागला. म्हणून कुणी विचारलं तर मी सांगतो, आधी रिमोटच्या विमानावर हात बसवा. खाली जे लिहिलं आहे ते त्यासाठीच.

दोन किलोची रेघ

नियमांत वजनाचे पाच गट आहेत: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, १५० किलोपर्यंत मीडियम आणि त्यावर लार्ज. हे वजन उड्डाणाच्या तयारीतलं, म्हणजे बॅटरी, कॅमेरा, सर्वो (पंख-शेपटीचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी), चाकं, आत ठेवलेलं सामान, सगळं धरून. रिकामा सांगाडा तोलून ‘माझं मायक्रोतच आहे’ म्हणणारे खूप भेटतात. तीन सेलची २२०० एमएएचची लिपो बॅटरीच दोनशे ग्रॅमच्या आसपास जाते. तिच्यासकट तोला.

मायक्रो गटातलं विमान हौसेसाठी उडवायचं असेल तर रिमोट पायलट सर्टिफिकेट, म्हणजे रिमोटने विमान चालवण्याचा परवाना, लागत नाही. दोन किलोच्या वर गेलात की हौसेसाठीसुद्धा लागतं. आणि सर्टिफिकेट अर्ज भरून मिळत नाही. मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेत शिकून, परीक्षा देऊन मिळतं. सरकारी शुल्क फक्त १०० रुपये आहे, पण संस्थेची फी त्याच्या कितीतरी पट असते. सर्टिफिकेट दहा वर्षं चालतं, ही त्यातली चांगली बाजू.

संस्था निवडताना एक प्रश्न आवर्जून विचारा: तुमचं प्रशिक्षण कोणत्या प्रकारासाठी आहे? सर्टिफिकेट ज्या प्रकारासाठी आणि वजनगटासाठी दिलेलं असतं, त्यालाच लागू असतं. रोटरक्राफ्टचं सर्टिफिकेट हातात घेऊन पंखांचं विमान उडवता येत नाही. घरच्यांनी जमवलेले पैसे भरून मुलं भलत्याच प्रकाराचं सर्टिफिकेट घेऊन येतात, तेव्हा फार वाईट वाटतं. फी भरण्याआधी हे लेखी विचारून घ्या.

वयाची अट १८ ते ६५, शिक्षण किमान दहावी पास. मुलगा किंवा मुलगी सतरा वर्षांची असेल तर विमान दोन किलोच्या आत ठेवा, हाच सरळ उपाय.

‘मॉडेल’ म्हणजे काय

घरी बांधलेल्या विमानाला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे विमानाच्या नमुन्याची सरकारी मान्यता, कुठून आणायचं, ही भीती बऱ्याच जणांना अर्जापासूनच लांब ठेवते. ते कारखान्यातून निघणाऱ्या नमुन्यासाठी असतं. तुमचं विमान नियमांतल्या ‘मॉडेल’च्या व्याख्येत बसत असेल तर त्याची गरज नाही. व्याख्या अशी: वजन २५ किलोपर्यंत, वापर फक्त शिक्षण, संशोधन, आरेखन, चाचणी किंवा करमणुकीसाठी, आणि उड्डाण नजरेच्या टप्प्यात.

शेवटच्या दोन अटी लोक वाचून सोडून देतात. ओळखीतल्या लग्नाचं शूटिंग पैसे घेऊन केलंत की ती करमणूक राहिली नाही. डोळ्यांवर गॉगल चढवून कॅमेऱ्याच्या भरवशावर विमान दिसेनासं होईपर्यंत लांब नेलंत की ते ‘मॉडेल’ राहिलं नाही. दोन्ही वेळा टाइप सर्टिफिकेटचा प्रश्न परत उभा राहतो. मात्र टाइप सर्टिफिकेटची सूट म्हणजे नोंदणीची सूट नव्हे. नोंदणी क्रमांक, म्हणजे यूआयएन, तरीही घ्यायचा आहे.

कुणाकडेच नसलेला क्रमांक

यूआयएनचा अर्ज फॉर्म डी-२, शुल्क १०० रुपये, सगळं ऑनलाइन. अडतं ते क्रमांकांवर. यूआयएन तीन गोष्टींना जोडला जातो: निर्मात्याने विमानाला दिलेला अनुक्रमांक, फ्लाइट कंट्रोल मॉड्यूलचा, म्हणजे विमानातल्या फ्लाइट कंट्रोलर या नियंत्रक बोर्डाचा, क्रमांक आणि जमिनीवरून चालवण्याच्या यंत्राचा, म्हणजे आपल्या ट्रान्समीटरचा, क्रमांक. घरी बांधलेल्या विमानाचे निर्माते तुम्हीच. म्हणून बांधतानाच त्याला एक अनुक्रमांक द्या, धडावर न पुसणारा लिहा आणि बांधणीच्या वहीत नोंदवा. फ्लाइट कंट्रोलर बाजारातून घेताना बिलावर त्याचा क्रमांक लिहून मागा. स्वस्तातल्या बोर्डांवर क्रमांकच नसतो आणि मग अर्जातली ती चौकट रिकामी राहते. फॉर्म करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कारखाना होता, घराच्या व्हरांड्यात विमान बांधणारा माणूस नव्हता, हे त्या फॉर्ममध्ये ठायी ठायी दिसतं. याचा राग येतो, पण आज तरी फॉर्म तोच आहे.

दुरुस्तीत याच क्रमांकांचा विसर पडतो. विमान आपटलं, फ्लाइट कंट्रोलर किंवा ट्रान्समीटर बदलला, तर नोंदणीच्या पोर्टलवर नवा क्रमांक सात दिवसांत किंवा पुढच्या उड्डाणाआधी, यातलं जे आधी येईल तेव्हा, भरायचा असतो. ‘सात दिवस आहेत’ म्हणून दुसऱ्याच दिवशी उडवू नका. एका विमानाचा यूआयएन दुसऱ्यावर लावता येत नाही. आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर पुन्हा तोला, कारण इपॉक्सी, जादा फायबर, मोठी बॅटरी यांनी १९०० ग्रॅमचं विमान गुपचूप दोन किलो ओलांडतं.

पासपोर्ट आणि नाव

हे मुख्यतः रिमोट पायलट सर्टिफिकेटसाठी. सुरुवातीला पासपोर्ट मागत असत, आणि अजूनही कितीतरी जण ‘पासपोर्ट नाही म्हणून थांबलोय’ असं सांगतात. सप्टेंबर २०२३ मध्ये नियमात दुरुस्ती झाली. पासपोर्ट नसेल तर ओळख आणि पत्ता यांसाठी मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड किंवा ड्रायव्हिंग लायसन्स चालतं. दुरुस्तीत नावं याच तीन कागदांची आहेत. तेव्हा फक्त आधार घेऊन जाऊ नका, यातला एक जवळ ठेवा.

आपल्या मराठी घरांचा एक खास त्रास आहे. मध्य प्रदेशच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव आणि आडनाव एवढंच असतं. पॅन किंवा पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे घातलेलं असतं. त्यात हिंदीवरून इंग्रजी करताना ‘कुलकर्णी’, ‘देशपांडे’ यांची दोन कागदांवर दोन स्पेलिंग्ज झालेली असतात. माणूस एकच आहे हे आपल्याला दिसतं, पण अर्ज तपासणाऱ्याला दोन नावं दिसतात. अर्जाच्या आधी सगळे कागद शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर जुळवा, आणि नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळेल असा ओळखीचा कागद निवडा.

कॉलेजची सूट कॉलेजची असते

एसजीएसआयटीएसचा किंवा दुसऱ्या कुठल्या कॉलेजचा विद्यार्थी म्हणतो, ‘आम्हाला तर सूट आहे.’ सूट आहे, पण मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेला, संशोधन आणि चाचणीसाठी, ग्रीन झोनमध्ये (नकाशावरच्या परवानगीविना उडता येणाऱ्या भागात) आणि संस्थेच्या आवारात किंवा तिच्या ताब्यातल्या मोकळ्या जागेत. तिथे टाइप सर्टिफिकेट, यूआयएन, रिमोट पायलट सर्टिफिकेट काही लागत नाही. तेच विमान रविवारी चिमणबागेच्या मैदानावर नेलंत की सूट संपली. ती तुमच्या ओळखपत्राबरोबर प्रवास करत नाही. स्पर्धेसाठी विमान बांधणाऱ्या संघांनी सराव कॉलेजच्या आवारातच करावा, आणि आवार कोणत्या झोनमध्ये येतं ते आधी पाहावं.

इंदूरचा नकाशा

ग्रीन झोनमध्ये जमिनीपासून १२० मीटरपर्यंत उड्डाणाला परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटरवर येते. ५ ते ८ किलोमीटरचा पट्टा जमिनीपासूनच यलो आहे. तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी. रेड झोनमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काहीच नाही.

अंतर हद्दीपासून, म्हणजे कुंपणापासून, आणि सरळ रेषेत मोजायचं. लोक टर्मिनलच्या दारापासून रस्त्याने मोजतात आणि किलोमीटर-दोन किलोमीटरने चुकतात. आपल्याकडे विमानतळ शहराला चिकटलेला आहे. सुपर कॉरिडॉरचा मोकळा, रुंद रस्ता पाहून सगळ्यांचे हात शिवशिवतात, आणि तोच विमानतळाच्या बाजूला आहे. बिजासन टेकडीचं तर नावच काढू नका. दक्षिणेला महूची लष्करी छावणी आहे. जागा शोधायची तर शहराबाहेर, ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा झोनचा नकाशा उघडून, शेतमालकाची परवानगी घेऊन.

नकाशा त्याच दिवशी, निघण्याआधी पाहा. पोलिस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन करू शकतो, आणि मोठ्या नेत्याचा दौरा किंवा अनंत चतुर्दशीची मिरवणूक असेल तेव्हा हे ध्यानात ठेवा. नियम मोडल्यास दंड एक लाख रुपयांपर्यंत आहे.

सुटे भाग, विमा, अपघात

९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोनची आयात बंद आहे. संपूर्ण तर नाहीच, जोडायचा संच म्हणूनही नाही. सुटे घटक मागवता येतात. म्हणून बाहेरच्या संकेतस्थळावरून अख्खा संच मागवण्यापेक्षा मोटर, कंट्रोलर, सर्वो वेगवेगळे घ्या, नाहीतर पार्सल कस्टम्समध्ये पडून राहतं. टेलिमेट्रीचा, म्हणजे विमानाची माहिती जमिनीवर पाठवणारा, रेडिओ घेताना ९१५ मेगाहर्ट्झचा घेऊ नका. आपल्याकडे परवान्याविना वापरायचा पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा आहे.

तृतीय पक्ष विमा नॅनोशिवाय सगळ्यांना लागतो. हौसेच्या विमानाची पॉलिसी मागितल्यावर एजंट गोंधळतात. यूआयएन दाखवा आणि विमानाचा वजनगट सांगा.

अपघात झाला तर ४८ तासांच्या आत पोर्टलवर कळवायचं असतं. विमान दुरुस्तीपलीकडे गेलं, हरवलं किंवा विकलं, तर फॉर्म डी-३ भरून नोंदणी रद्द करा किंवा नव्या मालकाच्या नावावर करा. विकलेलं विमान तुमच्याच नावावर राहिलं आणि घेणाऱ्याने ते विमानतळाजवळ उडवलं, तर पोलिसांचा पहिला फोन तुम्हाला येईल.