ट्रामच्या कारखान्याचा आराखडा चाकापासून सुरू होतो

रस्त्यावरून जाणाऱ्या ट्राममधून ठरावीक तालात ठक् ठक् असा आवाज येऊ लागला, की बहुधा एखादे चाक चपटे झालेले असते. ओल्या रुळावर जोराचा ब्रेक लागला तर चाक फिरायचे थांबून घसरत जाते आणि जिथे टेकलेले असते तिथेच घासून सपाट होते. ६०० मिलिमीटर व्यासाचे चाक एका फेऱ्यात सुमारे १.९ मीटर अंतर कापते. म्हणजे ताशी १८ किलोमीटर वेगाला हा ठोका सेकंदाला अडीचहून अधिक वेळा पडतो, आणि तो रुळालाही सोसावा लागतो. असे चाक लेथवर पुन्हा गोल करणे हे दुरुस्ती कारखान्याचे रोजचे काम असल्याने, गाडीखालून निघालेले चाक कोणत्या वाटेने लेथपर्यंत जाईल आणि परत येईल हे आधी ठरवावे, भिंती मागाहून आखाव्यात.

ही वाट सोपी नाही, कारण चाकाला मोटार जोडलेली असते. १८८८ साली अमेरिकेतील रिचमंड शहरात फ्रँक स्प्रेग यांनी विजेच्या ट्रामचे पहिले मोठे यशस्वी जाळे सुरू केले, तेव्हा त्यांनी मोटारीची एक बाजू आसावर टेकवली आणि दुसरी स्प्रिंगांवर तोलली. या रचनेमुळे दातेरी चाकांची पकड सुटत नाही. मात्र मोटार रस्त्याच्या धुळीत, पाण्यात आणि हादऱ्यांत राहते. तिच्यावर मोठे काम करायचे तर एक तर गाडीचा सांगाडा जॅकने किंवा क्रेनने उचलून बोगी, म्हणजे चाके आणि मोटारी बसवलेली खालची चौकट, बाहेर ढकलावी लागते, नाहीतर रुळाचा तुकडा खाली सरकवून चाकांची जोडी तळघरात उतरवावी लागते. पहिला मार्ग छत उंच करायला लावतो आणि दुसरा पाया खोल करायला, म्हणून ही निवड पहिल्याच आठवड्यात झालेली बरी.

क्रेन निवडली की विजेची तार आडवी येते. ट्रामच्या तारेत साधारणपणे ६०० ते ७५० व्होल्टचा एकदिश प्रवाह असतो आणि तिच्याच पट्ट्यातून क्रेनचा आकडा फिरू देणे म्हणजे अपघाताला बोलावणे. म्हणून उचलण्याच्या विभागात तार नेतच नाहीत. तिथे गाडी छोट्या इंजिनाने किंवा दोराने ओढून आणतात.

चाकाच्या कडेवर लोखंडी धाव, म्हणजे बाहेरचे कडे, बसवण्याची जागा मात्र पाहण्यासारखी असते. आतल्या चाकापेक्षा धावेचे भोक किंचित लहान, व्यासाच्या साधारण हजाराव्या भागाइतके, म्हणजे ६०० मिलिमीटरला ०.६ मिलिमीटर कमी ठेवतात. धाव २०० अंशांनी तापवली की ती जवळजवळ दीड मिलिमीटर फुगते, अलगद चढते आणि निवताना चाकाला करकचून आवळते. लोहार गाडीच्या लाकडी चाकावर धाव चढवतो तीच ही युक्ती. फक्त इथे मोजमापाला सूक्ष्ममापी लागतो. लेथवरचा एक नियमही ध्यानात ठेवावा: एका आसावरची दोन्ही चाके समान व्यासाची हवीत, त्यामुळे एक चाक चपटे झाले तरी निर्दोष जोडीदारालाही तासून घ्यावे लागते.

लेथच्या शेजारी मोटारीचे वाइंडिंग, म्हणजे तारेची वेटोळी गुंडाळण्याचे काम, कधीही ठेवू नये. लोखंडाचा कीस आणि ब्रेकची धूळ तांब्याच्या वेटोळ्यांत शिरली की इन्सुलेशन फुटते. म्हणून वॉर्निशात बुडवून भट्टीत भाजण्याचे काम बंद, स्वच्छ खोलीतच करावे. तिथले सर्वांत नाजूक काम कम्युटेटरचे, म्हणजे मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांच्या नळकांड्याचे. तांब्याच्या पट्ट्यांमधले अभ्रक तांब्यापेक्षा सावकाश झिजते, वर डोकावू लागते, मग पट्ट्यांवर टेकून वीज देणारा कार्बन ब्रश उसळतो आणि ठिणग्या उडतात. ते टाळण्यासाठी कारागीर बारीक करवतीने प्रत्येक फटीतले अभ्रक तांब्याच्या पातळीखाली कापतो. या कामाला सावली न पाडणारा उजेड लागतो, आणि करवतीच्या दात्यांसारखे छप्पर त्यासाठीच करतात: त्याच्या काचा सूर्याच्या विरुद्ध दिशेला असतात.

गाडीखालच्या तपासणीसाठी माणूस ताठ उभा राहील असे, सुमारे दीड मीटर खोल खड्डे जुन्या कारखान्यांत ओळीने असतात. ते बांधणाऱ्यांचा हिशोब चोख होता, पण विसाव्या शतकाच्या अखेरीस पायरी नसलेल्या, खालच्या तळाच्या ट्राम आल्या आणि विजेची बरीचशी उपकरणे टपावर गेली. आता कारागीर छताच्या उंचीवरच्या कठडेदार मचाणावर उभे राहून काम करतात. तार बंद करून जमिनीशी जोडल्याशिवाय मचाणाच्या दाराची किल्लीच सुटत नाही, अशी कुलपांची साखळी तिथे बसवलेली असते. चाक मात्र खालीच राहिले आहे. त्याच्यासाठी जमिनीखाली लेथ बसवतात, गाडी त्यावर आणून उभी करतात आणि काहीही न सोडवता चपटे चाक जागच्या जागी गोल करून घेतात.