कनेक्टेड दिसतंय, मग फाइल का उघडत नाही?

घरून काम करायला बसलात. व्हीपीएन (इंटरनेटमधून कंपनीच्या नेटवर्कपर्यंत नेणारा कुलूपबंद बोगदा) सुरू केलं, पासवर्ड घातला, मोबाइलवरचा कोड टाकला आणि स्क्रीनवर ‘कनेक्टेड’ असं उमटलं. तरी कंपनीच्या सर्व्हरवरची फाइल काही उघडत नाही. अशा वेळी बहुतेक जण आधी व्हीपीएन तोडून पुन्हा जोडतात, मग लॅपटॉप रीस्टार्ट करतात, शेवटी राउटर बंद-चालू करतात. कधी त्याने काम होतंही, पण बिघाड कुठे होता ते कळत नाही, म्हणून तो पुन्हा येतो.

‘कनेक्टेड’ याचा अर्थ एवढाच, की तुमचा संगणक आणि कंपनीच्या वेशीवरचा व्हीपीएन गेटवे यांनी एकमेकांची ओळख पटवली आणि मजकूर कुलूपबंद करायच्या किल्ल्या ठरवल्या. वेशीच्या आत काय होईल, याची हमी त्यात नाही. म्हणून प्रश्न असा विचारायचा: आपला संदेश नेमका कुठवर पोहोचतो?

पहिली शंका नावाची. संगणकाला सर्व्हरचं नाव कळत नाही, त्याला आकडी पत्ता लागतो आणि तो डीएनएस सांगतो. कंपनीतल्या सर्व्हरची नावं बाहेरच्या डीएनएसला ठाऊकच नसतात. व्हीपीएन जोडल्यावरही लॅपटॉप घरच्या इंटरनेट कंपनीच्या डीएनएसलाच विचारत राहिला, तर ‘असं कोणी नाही’ हेच उत्तर येणार. आकडी पत्ता टाकून सर्व्हर उघडत असेल आणि नावाने उघडत नसेल, तर दोष इथेच आहे.

आकड्यानेही उघडत नसेल, तर दोन्हीकडचे पत्ते जुळवून पाहा. खासगी नेटवर्कसाठी पत्त्यांचे तीन गट राखून ठेवलेले आहेत. १९९६ साली पक्की झालेली ही व्यवस्था. त्यातला १९२.१६८ ने सुरू होणारा गट घरच्या राउटरमध्ये सर्रास असतो. समजा, घरचं नेटवर्क १९२.१६८.१ चं आहे आणि कंपनीतला सर्व्हर १९२.१६८.१.२० वर आहे. हा पत्ता आपल्याच घरातला, असं लॅपटॉप धरून चालतो, बोगद्याकडे वळतच नाही आणि घरातच हाका मारत बसतो. त्याच आकड्यावर घरचा प्रिंटर असला तर ओ तो देतो! घरच्या राउटरमधली पत्त्यांची मालिका बदलली की हा गोंधळ मिटतो.

आता ज्या बिघाडावर माणसं दिवसच्या दिवस घालवतात, तो. लॉगिन होतं, फोल्डरमधली नावं दिसतात, पिंगला, म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारणाऱ्या छोट्या संदेशाला, उत्तर येतं. पण मोठी फाइल उघडायला गेलं की सगळं गोठतं. अशा वेळी माझा संशय आधी पाकिटांच्या आकारावर जातो.

इंटरनेटवर माहिती पाकिटांमधून जाते आणि इथरनेटवर एका पाकिटाची कमाल मर्यादा सहसा १,५०० बाइट असते. व्हीपीएन तुमचं पाकीट कुलूपबंद करून दुसऱ्या पाकिटात घालतं. त्या बाहेरच्या पाकिटालाही जागा लागते: वायरगार्ड या प्रकारच्या व्हीपीएनमध्ये पत्त्यांच्या प्रकारानुसार ६० किंवा ८० बाइट. म्हणून तिथे आतल्या पाकिटाची मर्यादा साधारणपणे १,४२० धरतात. वाटेत एखादा टप्पा आणखी अरुंद निघाला, तर तिथला राउटर ‘हे मावत नाही, लहान करून पाठवा’ असा निरोप मागे धाडतो. हा निरोप आयसीएमपी या प्रोटोकॉलने येतो आणि सुरक्षेच्या नावाखाली कितीतरी फायरवॉल (नेटवर्कचे पहारेकरी) आयसीएमपी सरसकट अडवतात. मग पाठवणाऱ्याला काही कळतच नाही; तो तेवढंच मोठं पाकीट पुन्हा पुन्हा पाठवतो आणि ते पुन्हा पुन्हा नाहीसं होतं. लहान पाकिटं मात्र बिनबोभाट पोहोचतात, त्यामुळे जोडणी ठणठणीत वाटते. आयसीएमपी असा डोळे मिटून अडवणं मला साफ चुकीचं वाटतं.

याची परीक्षा सोपी आहे. पिंगला ‘तुकडे करू नकोस’ अशी सूचना द्या आणि आकार वाढवत न्या. पिंगच्या मजकुरावर शीर्षकांचे (पाकिटावरच्या पत्ता वगैरे नोंदींचे) २८ बाइट चढतात, म्हणून १,४२० च्या बोगद्यातून १,३९२ पर्यंतचा मजकूर जायला हवा. त्याआधीच उत्तरं थांबली, तर वाट कुठे अरुंद होते तो आकडा तुमच्या हाती आला. व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये एमटीयू (पाकिटाच्या कमाल मर्यादेचा आकडा) त्यानुसार कमी करायचा.

जोडणीच होत नसेल तर गोष्ट वेगळी. आयपीसेक या प्रकारच्या व्हीपीएनला यूडीपी या प्रोटोकॉलचे ५०० आणि ४५०० हे पोर्ट (क्रमांक दिलेली दारं) लागतात, ओपनव्हीपीएन सहसा ११९४ वापरतं. सार्वजनिक वायफायवर हे बंद असू शकतात. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून पाहा: त्यावर जोडलं गेलं, तर दोष लॅपटॉपमध्ये नाही, आधीच्या नेटवर्कमध्ये आहे. आणि घड्याळही बघा. मोबाइलवरचा कोड बहुधा दर ३० सेकंदांनी बदलतो. मोबाइलचं घड्याळ दोन-चार मिनिटं चुकलं की बरोबर टाकलेला कोडही नाकारला जातो.

एवढं करून आयटी विभागाला फोन लावलात, तर ‘व्हीपीएन चालत नाही’ असं सांगू नका. ‘आकड्याने सर्व्हर उघडतो, नावाने नाही, हॉटस्पॉटवरही तसंच होतं’ असं सांगा. पलीकडच्या माणसाला कुठे हात घालायचा ते तेवढ्यावरून समजतं.