स्पीकर शंभर वॅटचा, मग ॲम्प किती वॅटचा?

लहान खोलीत मन लावून ऐकणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

हा प्रश्न आमच्याकडे रोज येतो. फोनवर येतो, काउंटरवर येतो, आणि ट्वीटर जळाल्यावरही येतो. तेव्हा मात्र उशीर झालेला असतो, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो आहोत. लाल-काळे टर्मिनल, वूफर, ट्वीटर हे तुमच्या ओळखीचं आहे असं धरलं आहे.

स्पीकरच्या मागच्या पट्टीवरचे वॅट वाचून ॲम्प ठरवू नका. तो आकडा स्पीकर किती सोसतो ते सांगतो. त्याला किती लागतं, ते सांगत नाही. ते कळायला तीन गोष्टी हव्यात: स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, तुमची बसायची जागा किती लांब आहे, आणि तुम्ही किती मोठ्याने ऐकता.

सेन्सिटिव्हिटी म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो ते. समजा तुमचा स्पीकर ८६ डेसिबलचा आहे आणि खोली १० बाय १२ फुटांची. तुम्ही सव्वादोन-अडीच मीटरवर बसता. तेवढ्या अंतरात बंद खोलीत साधारण चार-पाच डेसिबल कमी होतात, पण दोन स्पीकर मिळून तीनेक परत मिळतात. म्हणजे एकेका वॅटवर खुर्चीपाशी ८४-८५ डेसिबल. घरात रंगून ऐकताना सरासरी आवाज ७५च्या आसपास असतो. चांगल्या रेकॉर्डिंगमधली तबल्याची थाप किंवा ड्रमचा ठोका त्याच्या १५ ते २० डेसिबल वर उसळतो, म्हणजे ९५पर्यंत. वॅट दहापट केले की १० डेसिबल वाढतात. तेव्हा या उसळीला लागतात अवघे दहा-बारा वॅट. प्रामाणिक ४० वॅटचा ॲम्प इथे पुरून उरतो.

आता स्पीकर ८२ डेसिबलचा असेल तर त्याच उसळीला अडीचपट, म्हणजे तीसेक वॅट लागतील. आणि सरासरी ७५ऐवजी ८५वर ऐकायची सवय असेल तर सगळेच आकडे दहापट होतात. म्हणूनच आम्ही आधी विचारतो, ‘किती मोठ्याने ऐकता?’ काहींना वाटतं आम्ही चौकशा करून वेळ काढतो. पण या एका उत्तरावर ॲम्पचा आकार ठरतो.

कमी सेन्सिटिव्हिटी म्हणजे हलका माल, असं मात्र समजू नका. बीबीसीने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस३/५ए नावाचा फूटभर उंचीचा स्पीकर बनवला. सेन्सिटिव्हिटी ८२-८३च्या घरात, इम्पीडन्स (ॲम्पला जाणवणारा स्पीकरचा विरोध, ओहममध्ये मोजतात) सुरुवातीला १५ ओहम. जाणकार आजही तो जपून ठेवतात, कारण त्याच्यावर माणसाचा आवाज माणसासारखा येतो. लहान जागेसाठीच जन्मलेली ही चीज आहे.

ट्वीटर कसे जळतात

आमचा आणि तुमचा सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक ही. समज असा असतो: ‘स्पीकर १०० वॅटचा, ॲम्प ४० वॅटचा, मग व्हॉल्यूम शेवटपर्यंत नेला तरी काय बिघडणार?’ बिघडतं. आणि बहुतेक वेळा ट्वीटरच जातो.

संगीतातली बहुतेक ताकद खालच्या सुरांत असते. १०० वॅटच्या स्पीकरमधल्या ट्वीटरच्या वाट्याला एरवी थोडेच वॅट येतात आणि त्याची व्हॉइस कॉइलही तेवढ्याच बेताने, केसासारख्या तारेची केलेली असते. ॲम्प त्याच्या क्षमतेपलीकडे ओढला की बेसच्या लाटांचे शेंडे कापले जातात. यालाच क्लिपिंग म्हणतात. बेस आता वाढू शकत नाही, पण तुम्ही नॉब फिरवतच राहता, त्यामुळे वरचे सूर मात्र वाढतच जातात. त्यात कापलेल्या शेंड्यांतून नवे कर्कश सूर तयार होतात, तेही क्रॉसओव्हर, म्हणजे सूर वूफर-ट्वीटरमध्ये वाटून देणारं सर्किट, इमानाने ट्वीटरकडेच धाडतं. लाट पूर्ण चौकोनी झाली तर ४० वॅटचा ॲम्प ८० वॅटपर्यंत फेकू शकतो. बिचारी कॉइल काही मिनिटांत काळी पडते.

नॉब अर्ध्यावरच होता, असं पुष्कळजण सांगतात आणि ते खरंच असतं. पण नॉबची जागा म्हणजे ताकदीचं मीटर नव्हे. सीडी प्लेयर किंवा डॅक (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणारा डबा) साधारण २ व्होल्ट देतो. इतक्या सिग्नलवर कित्येक ॲम्प बारा वाजण्याच्या जागी किंवा त्याआधीच पूर्ण ताकदीला पोहोचतात. पुढचा अर्धा फेरा हळू रेकॉर्ड झालेल्या गाण्यांसाठी असतो. आवाज खरखरीत, चिरका, अंगावर आल्यासारखा वाटू लागला की लगेच मागे या. कानांवर विश्वास ठेवा, ते आकड्यांच्या आधी सांगतात.

जळलेली कॉइल आम्ही वॉरंटीत धरत नाही. यावरून नाराजी होते, ती आम्हाला कळते. पण ट्वीटर आम्ही तुमच्यासमोर उघडतो आणि कॉइल हातात देतो. करपलेली तार आणि सुटलेला जोड यांतला फरक कोणालाही दिसतो. जोड सुटला असेल तर दोष बनावटीचा, आणि तो भाग विनाशुल्क बदलून मिळतो. दुसऱ्याच मॉडेलचा ट्वीटर बसवून देणं एका दिवसाचं काम आहे, पण मग डावा-उजवा आवाज जुळत नाही. म्हणून आम्ही त्याच मॉडेलचा मागवतो, आणि त्याला आठवडे लागतात.

एवढ्यासाठीच आम्ही गरजेच्या अडीच-तीनपट ताकदीचा ॲम्प सुचवतो. महाग विकायचा म्हणून नव्हे. श्वास घ्यायला जागा असलेला ॲम्प क्वचितच क्लिप होतो. मात्र ते वॅट खरे हवेत. ८ ओहमवर, दोन्ही चॅनल एकदम चालवून, पूर्ण पट्ट्यात, कमी डिस्टॉर्शनला मोजलेले. ‘पीएमपीओ’ असं लिहिलेला क्षणिक, फुगवलेला आकडा सरळ सोडून द्या. फुगवलेल्या वॅटांची डोकेदुखी इतकी जुनी आहे की अमेरिकेत १९७४ साली त्यासाठी खास नियम करावा लागला.

ओहमचं काय?

मल्टिमीटर लावून ‘८ ओहमचा म्हणून दिलात, हा तर ६ दाखवतो’ अशी तक्रार येते. मीटर फक्त तारेचा डीसी रोध मोजतो, आणि तो ८ ओहमच्या स्पीकरमध्ये साडेपाच ते साडेसहाच असतो. फसवणूक नाही. खरा इम्पीडन्स सुरागणिक बदलतो, कुठे ५, तर कुठे २०च्या वर. ॲम्पला घाम फुटतो तो सर्वांत खालच्या आकड्यावर, त्यामुळे आम्ही विकतो त्या प्रत्येक जोडीचा पूर्ण आलेख काढून सोबत देतो.

सेन्सिटिव्हिटीच्या आकड्यातही एक गंमत लपलेली असते. पुष्कळ उत्पादक ती १ वॅटऐवजी २.८३ व्होल्टवर मोजतात. ८ ओहमला हे दोन्ही एकच. ४ ओहमला मात्र तेवढ्यात २ वॅट जातात, म्हणजे कागदावर ३ डेसिबल फुकटचे दिसतात. तुलना करताना तेवढे वजा करा.

ॲम्प मध्येच बंद पडतो म्हणून जे ॲम्प येतात, त्यांतले बरेच धडधाकट असतात. मागे ‘ए’ आणि ‘बी’वर ४-४ ओहमच्या दोन जोड्या लावून दोन्ही बटणं दाबलेली असतात. बहुतेक ॲम्पमध्ये त्या पॅरलल होतात आणि भार होतो २ ओहम. ॲम्प स्वतःला वाचवायला बंद होतो. दुसरं कारण म्हणजे काचेच्या बंद शोकेसमध्ये ठेवलेला ॲम्प. आणायच्या आधी घरी एवढं तपासून पाहा, वाहतूक वाचेल.

वायरबद्दल फार विचारू नका: तांब्याची, २.५ चौरस मिलिमीटरची, तीन-चार मीटरला ती पुरते. आम्ही हीच ठेवतो. फक्त एका बाजूचे लाल-काळे उलटे लागले नाहीत ना, ते पाहा. तसं झालं की बेस विरतो आणि गायक मधोमध उभा राहत नाही.

जे ॲम्प बदलून सुटत नाही

‘बेस घुमतो, मोठा ॲम्प द्या’ असं म्हणणाऱ्या ग्राहकाला आम्ही ॲम्प विकत नाही. घुमते ती खोली. १२ फूट लांबीत ४७ हर्ट्झचा सूर भिंतींमध्ये अडकून फुगतो, १० फूट रुंदीत ५६चा. छतही १० फुटांवर असेल तर ५६ दुप्पट जोर धरतो. बेस गिटारची मोकळी ए तार ५५ हर्ट्झला वाजते, त्यामुळे तो एकच सूर ढोलासारखा येतो आणि शेजारचे नाहीसे होतात.

अशा खोलीत मोठे टॉवर स्पीकर आम्ही सुचवत नाही, हातात पैसे घेऊन आलात तरी. बंद पेटीचा किंवा पुढे पोर्ट (बेससाठीचं हवेचं भोक) असलेला बुकशेल्फ स्पीकर पक्क्या स्टँडवर, ट्वीटर कानाच्या उंचीला, कोपऱ्यापासून दूर, एवढं आधी करा. मग खुर्ची मागच्या भिंतीपासून अर्धा-पाऊण मीटर पुढे ओढा, कारण भिंतीलगत बेस सर्वांत जास्त साचतो. मागे पोर्ट असेल तर त्यात फोमचा बोळा घालून ऐकून पाहा. यातलं काहीही आमच्याकडून विकत घ्यावं लागत नाही, आणि बऱ्याचदा तेवढ्यावर काम भागतं.

भागलं नाही तर या. आमची ऐकायची खोली आम्ही मुद्दाम १० बाय १२चीच ठेवली आहे, म्हणजे इथे ऐकलेलं घरी वेगळं वाटू नये. तुमचा ॲम्प घेऊन आलात तर आमच्या तीन-चार जोड्या त्याच्यावर लावून देतो. आवडलेली जोडी दोन दिवस घरी नेऊन ऐकता येते. येताना खोलीची लांबी, रुंदी, उंची, खुर्चीचं अंतर आणि ॲम्पच्या मागच्या पट्टीचा फोटो आणा. शिवाय तुम्हाला पाठ असलेली दोन गाणी आणा; ओळखीच्या गाण्यात फरक पहिल्या मिनिटाला कळतो.