न्यायालयीन पुनर्विलोकन, अमेरिकेतील

विधिमंडळाचा कायदा किंवा शासनाची कृती संविधानाशी विसंगत आढळल्यास ती अवैध ठरविण्याचा न्यायालयांचा अधिकार. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे शून्यवत ठरतील, असे भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १३ मध्ये स्पष्ट नमूद आहे; अमेरिकेच्या संविधानात (१७८७) तशी थेट तरतूद नाही. तेथे हा अधिकार मुख्यतः तिसऱ्या व सहाव्या अनुच्छेदांच्या अर्थनिर्णयातून आला.

त्याच्या उगमाविषयी मतैक्य नाही. काहीजण तो इंग्लंडमधील डॉ. बॉनम खटल्यापर्यंत (१६१०) मागे नेतात. सामान्य न्यायबुद्धीला सोडून असलेला पार्लमेंटचा कायदा व्यर्थ ठरतो, असे न्यायाधीश एडवर्ड कोक यांनी त्यात म्हटले होते व १७६१ मध्ये बॉस्टनला वकील जेम्स ओटिस यांनी त्याचा आधार घेतला. तथापि कोक यांचा रोख कायद्याचा अर्थ लावण्यापुरताच असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. स्वातंत्र्यानंतरच्या राज्य न्यायालयांतील निवाडे अधिक जवळचे होत. न्यू जर्सीतील ‘होम्स वि. वॉल्टन’ (१७८०) पहिला मानण्याचा प्रघात आहे. परंतु त्याचे निकालपत्र उपलब्ध नसल्याने नॉर्थ कॅरोलायनातील ‘बायर्ड वि. सिंगल्टन’ (१७८७) अधिक भरवशाचा. जप्त मालमत्तेच्या दाव्यांत ज्यूरीचा हक्क नाकारणारा कायदा त्यात बाजूला सारला गेला. संविधानाचे पुरस्कर्ते अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७८८ मध्ये या अधिकाराचे लेखी समर्थन केले. ‘हिल्टन’ खटल्यात (१७९६) सर्वोच्च न्यायालयाने घोडागाड्यांवरील कर तपासून वैध ठरविला. त्यामुळे हे तत्त्व १८०३ मध्ये एकाएकी जन्मले असे म्हणता येत नाही.

तरीही ‘मार्बरी वि. मॅडिसन’ (२४ फेब्रुवारी १८०३) हाच प्रमाणभूत निर्णय होय. अध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी पायउतार होताना केलेल्या विल्यम मार्बरी यांच्या नेमणुकीच्या पत्रावर सही झाली, शिक्का उमटला. पत्र मात्र पोहोचले नाही. नवे परराष्ट्रमंत्री जेम्स मॅडिसन यांनी ते द्यावे, असा आदेश मार्बरींनी सर्वोच्च न्यायालयाकडे मागितला. ते पोहोचविण्याची जबाबदारी तत्कालीन परराष्ट्रमंत्री जॉन मार्शल यांच्याकडे होती आणि सरन्यायाधीश या नात्याने निकालही त्यांनीच दिला! मार्बरींचा हक्क त्यांनी मान्य केला. पण सर्वोच्च न्यायालयाची मूळ अधिकारिता (दावा थेट तेथेच दाखल करून घेण्याचा अधिकार) वाढविणारे १७८९ च्या न्यायव्यवस्था अधिनियमाचे कलम १३ घटनाबाह्य ठरवून आदेश देण्याचे नाकारले. त्यामुळे ॲडम्स यांच्यानंतरचे अध्यक्ष जेफर्सन यांच्या शासनाला अवमान करण्याजोगा आदेशच उरला नाही.

त्यानंतर काँग्रेसचा (अमेरिकेच्या संसदेचा) कायदा घटनाबाह्य ठरला तो ‘ड्रेड स्कॉट’ (१८५७) खटल्यात. राज्यांचे कायदे मात्र १८१० पासून रद्द होऊ लागले होते. सर्वोच्च न्यायालयाने लावलेला संविधानाचा अर्थ राज्यांवर बंधनकारक आहे, असे ‘कूपर वि. ॲरन’ (१९५८) खटल्यात सांगण्यात आले.