कार्यस्थळ सर्वेक्षण

कामाची जागा कशी बदलते आहे, हे मालक आणि कर्मचारी दोघांनाही विचारून नोंदवण्याची पद्धत. बोलताना सगळे 'सर्व्हे'च म्हणतात. यंत्रे, पाळ्या, भरतीची रीत, ओव्हरटाइम, घरून काम आणि नवी कौशल्ये हे त्यातले नेहमीचे विषय.

पुण्यात अशा पाहण्यांची परंपरा जुनी आहे. १९३० साली स्थापन झालेल्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेने अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली १९३६-३७ मध्ये शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर सोवनी, आपटे आणि पेंडसे या संशोधकांनी याच शहराची फेरपाहणी केली. रोजगार आणि कमाई कशी बदलली यावर तिचा भर होता आणि ती १९५६ मध्ये छापली गेली. या फेरपाहणीचे मोल फार मोठे आहे, कारण एकदाच विचारले तर स्थिती कळते. बदल कळायला त्याच जागी पुन्हा जावे लागते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लॅम्बर्ट यांनी पुण्यातल्या पाच कारखान्यांच्या कामगारांचा केलेला अभ्यास १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला.

अलीकडची सरकारी आकडेवारी दोन दारांतून आली आहे. २०१७ पासूनचे नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण घरोघरी जाऊन माहिती घेते. श्रम ब्यूरोने २०२१ मध्ये नव्याने सुरू केलेले तिमाही रोजगार सर्वेक्षण मात्र दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना विचारण्यासाठी आखले गेले. करोनाच्या टाळेबंदीनंतर मराठा चेंबर या उद्योजकांच्या संघटनेने पुणे परिसरातल्या कंपन्यांना उत्पादन किती सुरू झाले, किती माणसे कामावर परतली, असे ठरावीक काळाने विचारले. त्या दिवसांत ही माहिती फार उपयोगी ठरली. पण उत्तर देणारी बाजू एकच होती.

एकाच कंपनीत दोन्ही बाजूंना तोच प्रश्न विचारला, तर उत्तरांतले अंतर हाच खरा निष्कर्ष असतो. समजा प्रश्न आहे, 'वर्षभरात तुमच्या लाइनवर नवीन मशीन आलं का, आणि त्याने काय बदललं?' व्यवस्थापक लिहितो, 'कौशल्यवाढ झाली.' ऑपरेटर सांगतो, 'तिघांचं काम दोघांवर आलं.' दोघेही खरे बोलत असतात. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत घरून कामाबद्दल विचारले तरी असेच घडते. कंपनी शिस्तीबद्दल आणि रिकाम्या मजल्यांबद्दल बोलते, तर कर्मचारी वाकडच्या पुलापाशी वाहतूक कोंडीत रोज वाया जाणाऱ्या वेळेबद्दल. दोन्ही उत्तरांची सरासरी काढली की हाती काहीच उरत नाही.

प्रश्नाची भाषा हा सर्वांत दुर्लक्षित भाग. 'कर्मचारी संलग्नता' हा शब्द शॉप फ्लोअरवर कोणाच्या तोंडी नाही. 'सकाळी कामावर यावंसं वाटतं का?' हे लगेच कळते. 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत' अशा पाच पायऱ्या दिल्या आणि सुपरवायझर शेजारी उभा असला, तर उत्तर ठरलेले : 'बरं चाललंय.' म्हणून नाव आणि टोकन नंबर (कामगाराचा ओळख क्रमांक) घेऊ नये, आणि चार-पाच जणांच्या छोट्या विभागाचे निकाल वेगळे दाखवू नयेत. तिथे उत्तर कोणाचे ते सहज ओळखू येते. भोसरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी बहुधा गुरुवारी असते. 'रविवारी कुटुंबाला वेळ देता का?' असे छापलेला फॉर्म तिथे पहिल्याच पानावर विश्वास गमावतो.

नमुना निवडताना सर्वांत मोठी चूक हजेरीपटावरून होते. कंपनीच्या पटावर कायम कामगार असतात; कंत्राटी कामगार ठेकेदाराच्या पटावर असतात. कँटीन, हाउसकीपिंग आणि सुरक्षा यांतली माणसे बहुधा याच दुसऱ्या पटावर असतात. ईमेलने लिंक पाठवली की कंपनीचा ईमेल नसलेला प्रत्येक जण आपोआप वगळला जातो, आणि कामाच्या जागेतला बदल सर्वांत आधी पोचतो तो याच माणसांपर्यंत. त्यांना गाठायचे तर पाळी सुटताना गेटबाहेर किंवा कंपनीच्या बसथांब्यावर कागद-पेन घेऊन उभे राहावे लागते, तेही ठेकेदाराचा माणूस जवळ नसताना.